हाडांचे डॉक्टर, त्यांच्या पदव्या आणि आपला मेडिक्लेम

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत गुडघे, खुबे आणि मणके यांचीच गर्दी आहे. पण दुखण्यापेक्षा जास्त विचारलं आहे ते डॉक्टर कसा शोधायचा, पाटीवरच्या अक्षरांचा अर्थ काय आणि मेडिक्लेम चालणार का, हे. एकसारखी पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आईचं वय ६७. दोन्ही गुडघे झिजलेत, जिना चढवत नाही. फॅमिली डॉक्टरांनी तीन ऑर्थोपेडिक सर्जनची नावं दिली आणि तिघेही चांगले आहेत म्हणाले. निवडायचं कसं?
— एक वाचक, सातारा

तिघेही चांगले असतील, पण कशात? मोडलेलं हाड रॉड-प्लेट टाकून बसवणं, दुर्बिणीतून लिगामेंट दुरुस्त करणं, सांधा बदलणं आणि मणक्यातली सरकलेली गादी काढणं ही वेगवेगळी कामं आहेत. पदवी एकच असली तरी हात कशावर बसलाय ते प्रत्येकाचं वेगळं असतं. तालुक्याच्या गावी दिवसाला चार फ्रॅक्चर उत्तम बसवणारे सर्जन वर्षाला पाचच गुडघे बदलत असतील, तर आईच्या गुडघ्यासाठी त्यांच्याकडे जायचं कारण नाही. उद्या तिचं मनगट मोडलं, तर मात्र आधी त्यांच्याचकडे जा.

फॅमिली डॉक्टरांना प्रश्न जरा बदलून विचारा: 'तुम्ही पाठवलेल्यांपैकी वर्षभरापूर्वी गुडघा बदललेलं कोण आहे आणि ते आता कसे चालतात?' त्याहून चांगली माहिती फिजिओथेरपिस्टकडे मिळते. एकाच भागातल्या चार-पाच सर्जनचे पेशंट ऑपरेशननंतर त्यांच्याच टेबलावर येतात. कुणाचा गुडघा दोन-तीन आठवड्यांत ९० अंशांपर्यंत वाकतो आणि कुणाची जखम महिनाभर ओलीच राहते, हे त्यांना रोज दिसतं. नाव घेऊन वाईट कुणी बोलणार नाही. 'घरचं माणूस असतं तर कुठे पाठवलं असतं?' एवढं विचारलं की पुरे.

पहिल्या भेटीला जाण्याआधी एक गोष्ट तपासा: एक्स-रे उभं राहून काढलेला आहे ना. झोपून काढलेल्या एक्स-रेत अंगाचा भार गुडघ्यावर नसतो. त्यामुळे दोन हाडांमधली फट असते त्यापेक्षा मोठी दिसते आणि झीज लपते. समोरून व बाजूने उभ्याने, आणि वाटीसाठी गुडघा वाकवून एक, असे एक्स-रे असले की बहुतेक निर्णय होतो. झीज केलग्रेन-लॉरेन्स मापात शून्य ते चार अशी मोजतात. ग्रेड चार म्हणजे हाडाला हाड लागलंय. त्या अवस्थेत एमआरआयची सहसा गरज नसते. झोपून काढलेला एक्स-रे पाहून कुणी थेट ऑपरेशनची तारीख देत असेल, किंवा ग्रेड दोनला गुडघा बदलायला सांगत असेल, तर तिथे थांबा.

सर्जनला विचारायचे प्रश्न लाजेने मनातच राहतात, म्हणून कागदावर लिहून न्या. वर्षाला असे किती गुडघे बदलता? ऑपरेशन स्वतः करणार की सहकारी? भूलतज्ज्ञ कोण? इम्प्लांट कोणत्या कंपनीचं आणि तेच का? जंतुसंसर्ग झाला तर पुढचं ऑपरेशन इथेच होतं का? पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काय देता आणि किती दिवस? दोन्ही गुडघे एकाच वेळी की वेगवेगळे, आणि आईचं हृदय व साखर पाहता ते का? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही, त्याची उत्तरं तयारच असतात. साखरेकडे तर त्याने स्वतःहून पाहायला हवं. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) ८ च्या वर असेल तर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात, कारण साखर वाढलेली असली की जखम चिघळण्याचा धोका वाढतो. हा प्रश्नच न काढणाऱ्याला आम्ही तरी यादीतून वगळू.

पाटीवर एम.एस., डी.एन.बी., डी.ऑर्थो., एम.सीएच., एफ.आर.सी.एस., शिवाय 'फेलो' अशी चार-पाच ओळी अक्षरं असतात. यातलं खरं वजनदार काय?
— एक वाचक, अहिल्यानगर

पाया एम.बी.बी.एस.चा. त्यावर ऑर्थोपेडिक्समधला तीन वर्षांचा एम.एस. किंवा तीन वर्षांचा डी.एन.बी. या दोन्ही स्पेशालिस्टच्या पूर्ण पदव्या आहेत. एक विद्यापीठाची, दुसरी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची. डी.एन.बी. दुय्यम असतो हा समज चुकीचा आहे. डी.ऑर्थो. ही दोन वर्षांची पदविका. ती केलेले कित्येक ज्येष्ठ सर्जन उत्तम काम करतात, पण एखादा तरुण सर्जन फक्त डी.ऑर्थो.वर मणक्याचं मोठं ऑपरेशन करत असेल, तर पुढचं प्रशिक्षण कुठे घेतलं ते विचारा.

एम.एस. हे शब्द एकटेच लिहिले असतील तर विषय विचारा. जनरल सर्जरीचाही एम.एस. असतो आणि आयुर्वेदातल्या शल्यतंत्राचाही. एम.एन.ए.एम.एस. हे डी.एन.बी.नंतर मिळणारं सदस्यत्व आहे, वेगळं प्रशिक्षण नव्हे. ब्रिटनची एम.आर.सी.एस. ही तिथल्या सर्जनच्या प्रशिक्षणातली सुरुवातीची परीक्षा. ट्रॉमा अँड ऑर्थोपेडिक्समधली एफ.आर.सी.एस. ही शेवटची. दोन्हींत वर्षांचं अंतर आहे, पाटीवर मात्र दोन्ही सारख्याच भारदस्त दिसतात.

'फेलोशिप' हा सगळ्यात सैल शब्द. नॅशनल बोर्डाची एफ.एन.बी. दोन वर्षांची असते. मणका, हात व मायक्रोसर्जरी अशा विषयांत ती मिळते आणि तिला वजन आहे. परदेशातल्या मोठ्या रुग्णालयात सहा महिने ते वर्षभर काम करणं, हेही खरं प्रशिक्षण. पण इम्प्लांट कंपनीने नेलेल्या चार दिवसांच्या कार्यशाळेलाही फेलोशिपच म्हणतात. म्हणून विचारायचं ते इतकंच: किती महिने, कुठे, आणि तिथे स्वतः ऑपरेशनं केलीत की पाहिलीत? संघटनांची सदस्यत्वं वर्गणी भरून मिळतात. ती वाचायचीही गरज नाही.

मणक्यासाठी ऑर्थोपेडिक सर्जनप्रमाणे न्यूरोसर्जनही असतात. दोघंही योग्यच. तिथेही हाताखालून गेलेल्या कामाचा आकडाच विचारा.

डॉक्टर खरोखर नोंदणीकृत आहेत का, हे घरबसल्या कसं तपासायचं? आम्ही नावाने शोधलं तर सापडलंच नाही.
— एक वाचक, नांदेड

नावाने शोधू नका, नोंदणी क्रमांकाने शोधा. नावात फार घोळ होतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत आडनाव आधी येतं, लग्नाआधीचं नाव तसंच राहतं, स्पेलिंग वेगळं असतं. शिवाय एकाच नावाचे तीन-तीन डॉक्टर निघतात.

क्रमांक मिळवायला कुणाची परवानगी लागत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी तो दवाखान्यात लावायचा असतो आणि प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट व पैशांची पावती या तिन्हींवर छापायचा असतो. जुन्या डॉक्टरांचा क्रमांक साधा, पाच आकडी वगैरे असतो. नंतरच्यांचा वर्ष, तिरपी रेघ, महिना, तिरपी रेघ आणि शेवटी आकडे असा. कौन्सिलच्या वेबसाइटवर तो टाकला की नाव, पात्रता आणि नोंदणी चालू आहे की नाही ते कळतं. परराज्यातून आलेल्या डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर देशभराची यादी आहे. ती कधीकधी मागे राहिलेली असते, तेव्हा त्या त्या राज्याच्या कौन्सिलची यादी जास्त भरवशाची.

या यादीत तीन गोष्टी पाहा.

पहिली, नोंदणी चालू आहे का. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत ३० क्रेडिट तासांचं वैद्यकीय शिक्षण दाखवावं लागतं. मुदत संपलेली दिसली तर लगेच बोगस ठरवू नका. बऱ्याचदा अर्ज रेंगाळलेला असतो. फोन करून विचारा. पण 'असल्या गोष्टी कोण बघतं' असं उत्तर आलं तर सावध व्हा.

दुसरी, एम.एस. किंवा डी.एन.बी.ची नोंद आहे का. एम.बी.बी.एस.ची नोंदणी आपोआप स्पेशालिस्टची होत नाही. वरची पदवी वेगळी नोंदवावी लागते. यादीत फक्त एम.बी.बी.एस. आणि पाटीवर एम.एस. असेल, तर विद्यापीठ आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तिसरी, वर्षांचा हिशेब. क्रमांकातलं वर्ष सहसा एम.बी.बी.एस.नंतरच्या पहिल्या नोंदणीचं असतं. २०१२ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर एम.एस. व्हायला २०१६ च्या आसपास उजाडणार. मग जाहिरातीत 'सांधेबदलाचा २० वर्षांचा अनुभव' कुठून आला? अपवाद एकच: दुसऱ्या राज्यातून बदली करून आलेल्यांना महाराष्ट्रातला क्रमांक उशिरा मिळतो. त्यांना जुना क्रमांक विचारा.

गूगलवर ४.९ तारे आणि दीड हजार रिव्ह्यू आहेत. एवढं पुरेसं नाही का?
— एक वाचक, पुणे

नाही. बहुतेक रिव्ह्यू ओपीडीतून बाहेर पडताना लिहिलेले असतात. थांबावं किती लागलं आणि रिसेप्शनवर बोलले कसे, हे त्यातून कळतं. गुडघा कसा झाला हे कळायला सहा महिने लागतात. एक तारा दिलेले रिव्ह्यू मात्र वाचा. त्यात ऑपरेशनबद्दल नव्हे, पैशांबद्दल एकसारखी तक्रार वारंवार दिसली तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

रुग्णालय आमच्या विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत होतं. काउंटरवर 'चालतं' म्हणाले. दाखल झाल्यावर कळलं की सर्जन बाहेरून येतात आणि त्यांचे ४० हजार वेगळे, रोख, पावतीशिवाय. असं करता येतं का?
— एक वाचक, ठाणे

पत्रांतली ही सगळ्यात मोठी तक्रार आहे. याचं मूळ शब्दांत आहे. 'तुमच्याकडे आमचा विमा चालतो का?' याला काउंटरवरचं माणूस 'हो' म्हणतं, कारण त्या कंपनीचे पेशंट तिथे येत असतात. प्रत्यक्षात चार गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात.

आपल्याकडे कॅशलेसचा करार रुग्णालयाशी असतो, डॉक्टरांशी नाही. म्हणून आधी रुग्णालय आजच्या तारखेला यादीत आहे का ते पाहा. करार तुटतात आणि वेबसाइट मागे राहते. विमा कंपनीच्या किंवा टीपीएच्या (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) हेल्पलाइनला पॉलिसी क्रमांक सांगून विचारा. रुग्णालयाचा १३ आकडी रोहिणी क्रमांक (विमा क्षेत्राच्या नोंदणीतली त्या रुग्णालयाची ओळख) हाताशी असेल तर उत्तम, कारण एकाच नावाच्या साखळी रुग्णालयाची एक शाखा यादीत आणि दुसरी बाहेर असं सर्रास असतं.

मग तुमची पॉलिसी त्या करारात बसते का ते विचारा. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांचं 'पीपीएन' नावाचं रुग्णालयांचं जाळं आहे. त्यात सांधेबदलासारख्या ऑपरेशनचे पॅकेज दर ठरलेले असतात. दाखल होताना पेशंटकडून एक फॉर्म भरून घेतात. तो वाचल्याशिवाय सही करू नका. ठरलेल्या पॅकेजपेक्षा जास्त काही तुम्ही स्वतःहून मागितलंय, असं त्यावर लिहिलेलं असलं तर तो फरक तुमच्या खिशातून जातो.

तिसरं, हेच सर्जन कॅशलेसच्या दराने ऑपरेशन करतात का? बाहेरून येणाऱ्या सर्जनच्या बाबतीत पाणी इथेच मुरतं. टीपीए डेस्कवर असं विचारा: 'सर्जन, सहाय्यक आणि भूलतज्ज्ञ या तिघांची फी कॅशलेसच्या बिलात धरली आहे का? बिलाबाहेर काही द्यावं लागेल का?' उत्तर खर्चाच्या अंदाजपत्रकावर लिहून, शिक्का मारून घ्या. लिहून देणार नाहीत तर तोंडी 'चालतं'ला काही किंमत नाही.

आणि चौथं, इम्प्लांटची रक्कम बिलात वेगळी दाखवणार का? गुडघ्याच्या इम्प्लांटवर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल किमती ठरवल्या. तेव्हा सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण संचाची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये होती. बिलात कंपनी, ब्रँड आणि बॅच क्रमांक यायला हवा. ऑपरेशननंतर प्रत्येक भागाच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलला लावतात. त्यावर आरईएफ आणि एलओटी असे दोन क्रमांक असतात. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. विमा कंपनी मागतेच, पण दहा-पंधरा वर्षांनी गुडघ्यातलं प्लास्टिक बदलायची वेळ आली तर नव्या सर्जनलाही त्याचाच आधार लागतो.

पावतीशिवाय रोख मागणं चूकच. दिलेल्या पैशाची पावती मागा. नाकारली तर दाखल असतानाच विमा कंपनीला ईमेल करा. घरी आल्यावर केलेल्या तक्रारीत तुमच्या हातात पुरावा उरत नाही.

रुग्णालय यादीत नसलं तरी दार पूर्ण बंद नसतं. जानेवारी २०२४ पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' ही सोय आहे. ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी किमान ४८ तास आधी विमा कंपनीला कळवायचं. मात्र रुग्णालयाचीही तयारी लागते. नाहीतर पैसे भरून नंतर क्लेम.

पॉलिसीला १४ महिने झाले. गुडघा बदलायचा आहे. एजंट म्हणतो मिळेल, टीपीए म्हणतं नाही. कोण खरं?
— एक वाचक, कोल्हापूर

बहुधा टीपीए. जवळजवळ सगळ्या पॉलिसींत सांधेबदल आणि वयोमानाने होणारी सांध्यांची झीज यांना वेगळी प्रतीक्षा मुदत असते. ती २४ किंवा ३६ महिन्यांची असते. आधीपासूनच्या आजारांची मुदत वेगळी, जास्तीत जास्त ३६ महिने. दोन्ही लागू असतील तर मोठी मुदत धरतात. अपघातामुळे सांधा बदलावा लागला तर ही अट लागत नाही. जुनी पॉलिसी खंड न पडता दुसऱ्या कंपनीत नेली असेल तर आधीची वर्षं मोजली जातात. नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीत ही मुदत पुष्कळदा माफ असते. घरात कुणाची असेल आणि आईवडील त्यात असतील, तर आधी तीच पाहा.

आता त्या एका कागदाबद्दल, ज्यावर बरेच क्लेम अडकतात. कॅशलेसच्या पूर्वपरवानगीच्या फॉर्ममध्ये एक भाग उपचार करणारे डॉक्टर भरतात. त्यात त्यांचं नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक, निदान, पहिल्या तपासणीची तारीख आणि 'सध्याचा त्रास किती दिवसांपासून' असे रकाने असतात. खाली मधुमेह, रक्तदाब, संधिवात वगैरेंसमोर कधीपासून ते लिहायचं असतं. ओपीडीच्या घाईत ज्युनिअर डॉक्टर विचारतात, 'आजी, किती दिवस दुखतंय?' आजी म्हणतात, 'झाली की दहा वर्षं.' रकान्यात दहा वर्षं पडतात. पॉलिसी चार वर्षांची असली तर विमा कंपनी म्हणते, आजार आधीचा होता, सांगितला नाही. वास्तविक दहा वर्षांपूर्वीचं अधूनमधून दुखणं आणि निदान झालेला संधिवात या एक गोष्टी नव्हेत. म्हणून जुने एक्स-रे आणि चिठ्ठ्या बरोबर न्या, निदान कागदावर पहिल्यांदा कधी आलं ते दाखवा आणि फॉर्म पाठवण्याआधी तो भाग वाचायला मागा. खोटी तारीख लिहायला सांगू नका. ती सापडते आणि मग अख्खी पॉलिसी धोक्यात येते.

पॉलिसी सलग पाच वर्षं चालू असेल, तर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. सिद्ध झालेली फसवणूक एवढाच अपवाद.

पाच लाखांची पॉलिसी, बिल तीन लाखांचं, तरी ७२ हजार खिशातून गेले. का?
— एक वाचक, नाशिक

तुम्ही पाठवलेल्या बिलात कारण स्पष्ट आहे. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. खोली घेतली ८,००० ची. चार दिवसांचा फरक १२,००० एवढाच, असं वाटतं. पण मर्यादा ओलांडली की सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या खोलीशी जोडलेल्या रकमाही त्याच प्रमाणात कापतात. ५,००० भागिले ८,००० म्हणजे पाच-अष्टमांश. तुमच्या बिलात या रकमा १,६०,००० च्या होत्या. मंजूर झाले १,००,०००. साठ आणि बारा मिळून ७२ हजार.

औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. तुमच्या बिलात ती लावलेली नाही, तेव्हा हिशेब बरोबर आहे. खोली निवडताना जेवणाच्या ताटाकडे किंवा सोफ्याकडे न पाहता पॉलिसीतला आकडा पाहा.

ऑर्थोपेडिक बिलांत आणखी दोन ठिकाणी फटका बसतो. वॉकर, नी-ब्रेस, कमरेचा पट्टा, गळ्याचा कॉलर, खांदा बांधायचा इमोबिलायझर हे सगळं न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतं. पॉलिसीत वेगळं संरक्षण घेतलं असेल तरच ते मिळतं. आणि रोबोटिक ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसींत उपमर्यादा असते, काहींत विमा रकमेच्या ५० टक्के. हाडाचे काप अचूक घ्यायला यंत्र मदत करतं. पण ऑपरेशन सर्जनच करतो, आणि वर्षाला मोजकेच गुडघे बदलणाऱ्या हाताला रोबोमुळे सवय होत नाही.

दुसरं मत घ्यायचं आहे, पण पहिल्या डॉक्टरांकडून कागद मिळत नाहीत.
— एक वाचक, जळगाव

लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आचारसंहितेनुसार अर्जानंतर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. एमआरआयची फिल्म पुरेशी नाही. एमआरआय काढलेल्या केंद्राकडून मूळ प्रतिमांची सीडी किंवा लिंक मागा, कारण फिल्मवर निवडक काप छापलेले असतात. दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्यांचं मत आधी सांगू नका. एक्स-रे द्या, त्रास सांगा, ऐका.

वडील घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. हे सगळं तपासत बसायला वेळ कुठे असतो?
— एक वाचक, रत्नागिरी

नसतो, आणि तपासत बसूही नये. वृद्धांच्या खुब्याचं ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत व्हावं. अंथरुणावर दिवस वाढले की न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या आणि पाठीच्या जखमा सुरू होतात. जिथे ऑर्थोपेडिक सर्जन, भूलतज्ज्ञ, फिजिशियन आणि रक्ताची सोय आहे, अशा जवळच्या ठिकाणी न्या. सर्जनचा नोंदणी क्रमांक तपासायला मोबाइलवर दोन मिनिटं लागतात. तेवढं करा. दाखल झाल्यापासून २४ तासांत विमा कंपनीला कळवा आणि त्या सूचनेचा क्रमांक लिहून ठेवा. रस्त्यावरचा अपघात असेल तर एमएलसीची (रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीची) प्रत मागा. क्लेमला ती लागतेच.

हाड जखमेतून बाहेर आलं असेल, बोटं थंड किंवा पांढरी पडली असतील, किंवा प्लास्टरमध्ये दुखणं तासातासाला वाढत असेल आणि बोटं ताणली की जीव जात असेल, तर त्याच रात्री निघा. कॅशलेसचं उत्तर येईपर्यंत थांबू नका.

आमच्याकडे मेडिक्लेम नाही, रेशनकार्ड आहे.
— एक वाचक, बीड

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. हेल्पलाइन १५५३८८. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रुग्णालय यादीत आहे का, एवढ्यावर थांबू नका. 'हे ऑपरेशन याच रुग्णालयात योजनेतून होतं का?' असं विचारा, कारण काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. अपघातानंतर सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत.

क्लेम नाकारला. 'पॉलिसीच्या अटीनुसार' एवढंच लिहिलंय.
— एक वाचक, सोलापूर

एवढं चालत नाही. कोणत्या कलमानुसार नाकारलं ते कंपनीने लिहून द्यायचं असतं आणि त्याआधी कंपनीच्या क्लेम समीक्षा समितीची मंजुरी लागते. दोन्ही लेखी मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, प्रत विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर टाका. फोन १५५२५५. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

अर्जाला जोडा: डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा एक्स-रे, इम्प्लांटचं स्टिकर व बिल, पूर्वपरवानगीच्या फॉर्मची प्रत, आणि कॅशलेसचा अर्ज व उत्तर यांच्या वेळा. पहिल्या परवानगीला एक तास आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तास अशी मुदत २०२४ पासून ठरली आहे. तीन तासांपुढे उशीर करून रुग्णालयाने जादा दिवसाचं भाडं लावलं असेल, तर तो भुर्दंड विमा कंपनीचा. तो आकडाही अर्जात मागा.